बाई गेल्या म्हणे

"तुझ्या त्या बाई गेल्या म्हणे," ऑफिसातल्या दादांनी फोनवर सांगितलं, आणि मी रडले नाही.

मी तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये होते, जीन्सचे गठ्ठे वाहणाऱ्या हातगाड्यांच्या मधोमध. भिजलेल्या गठ्ठ्यांमधून रस्त्यावर निळं पाणी उतरत होतं. मी एका दुकानाच्या पायरीवर चढले आणि विचारलं, "कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? अगं, बदलापूरला पूर येऊन गेला, बाई राहतात त्या मांजर्लीतले तळमजले सगळे पाण्यात होते. आपण बाईंच्या वर्गाचे कागद काढायचो ना, तो झेरॉक्सवाला भेटला. तो म्हणाला."

"त्याला कोणी सांगितलं?"

दादा वैतागले. "माणूस गेल्याचं सांगणाऱ्याची उलटतपासणी घेऊ का मी? दगड आहेस तू अगदी."

उलटतपासणीच घ्यायची असते. ते बाईंनीच शिकवलं होतं. मी बाईंना फोन लावला. बंद. बंद फोनवरून फोन बंद आहे एवढंच कळतं, असं मी स्वतःला त्यांच्याच आवाजात बजावलं आणि अंबरनाथकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात बसले. रुळांवर पाणी असल्याने गाड्या बंद होत्या. बदलापूरपर्यंत रिक्षा बदलत जायचं होतं. बातमी अजून 'म्हणे'च्या पायरीवर होती. आणि त्या पायरीवर बाई कोणाला रडू देत नसत.

ही पायरी काय ते सांगायला हवं.

बाई मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल होत्या. आयुष्यभर त्यांनी डॉक्टरांना शोधनिबंध शोधून दिले. निवृत्त झाल्यावर, डॉक्टर ते वाचत नाहीत असा निष्कर्ष काढून, त्या आमच्यासारख्यांना शिकवायला लागल्या. आमची संस्था छोटी, वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करणारी. अंबरनाथ पूर्वेला फरसाणच्या दुकानावर आमची एक खोली होती, तिथे दर शनिवारी बाईंचा वर्ग भरायचा. खाली शेव तळली जायची आणि वर आम्ही पुरावा कसा शोधायचा, शोधल्यावर तो कसा पारखायचा ते शिकायचो. आजही तळणीचा वास आला की मला संदर्भसूची आठवते.

पहिल्याच शनिवारी त्यांनी फळ्यावर खालून वर चार शब्द लिहिले. म्हणे. म्हणतात. दिसतं. आहे.

"ही शिडी," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत यावर मोठमोठे तक्ते आहेत, ते तुम्हाला दाखवीन. पण आपल्या भाषेने हे काम कधीच करून ठेवलंय. कोणीतरी बोललं, ते म्हणे. पुष्कळजण बोलतात, ते म्हणतात. कोणीतरी नीट बघितलं, मोजलं, ते दिसतं. आणि वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांनी, आपलं चुकलेलं असू शकतं हे धरून बघितलं आणि तरी तेच दिसलं, तर आहे. खालच्या पायरीवरचं वाक्य वरच्या पायरीचे कपडे घालून आलं, तर मी त्याला आत घेणार नाही."

खरंच घेत नसत. कोणी म्हणालं, "बाई, पपई खाल्ली की गर्भ पडतो," की बाई शांतपणे ते वाक्य पुरं करायच्या, "म्हणे." दादा उशिरा यायचे आणि दारातूनच सांगायचे, "रस्त्यात ट्रॅफिक होतं." बाई मान वर न करता, "म्हणे." महिन्याभरात आमची बोलायची पंचाईत झाली.

स्वतःबद्दल बोलताना त्या 'आहे' फार जपून वापरायच्या. "बाई, घरी आहात का?" असं फोनवर विचारलं तर उत्तर यायचं, "दिसतेय तरी." तब्येत विचारली तर, "तक्रार आलेली नाही."

आणि चिमटे. कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे बाईंच्या पदराला लावलेले असायचे. वर्गात एखाद्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही की त्या पिशवीतून एक चिमटा काढून पदराला लावायच्या. उत्तर मिळेपर्यंत तो निघायचा नाही. लाल, हिरवे, पिवळे चिमटे लावून बाई बदलापूर ते अंबरनाथ ये-जा करायच्या. रस्त्यात कोणीतरी हमखास थांबवायचं, "अहो, चिमटे राहिलेत तुमचे." बाई म्हणायच्या, "राहिलेतच."

एकदा आम्ही दोघी कॅम्प तीनमध्ये एका सिंधी दुकानदाराकडे थांबलो होतो. तो गुडघ्याचं तेल विकत होता. "दीदी, गॅरंटी का माल. जो ले गया, वो वापस आया!"

"और जो वापस नहीं आया?" बाईंनी विचारलं.

"वो तो ठीक हो गया ना, साईं! फिर काहे को आएगा?"

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला आला. त्यांनी ती बाटली विकत घेतली आणि पुढच्या शनिवारी टेबलावर ठेवली. "गिऱ्हाईक आलं तरी तेल चांगलं, नाही आलं तरी तेल चांगलं. जे कधीच हरू शकत नाही ते काही सांगतही नाही. हे तेल लक्षात ठेवा." त्यानंतर कुठलाही शोधनिबंध हातात घेतला की आम्ही आधी विचारायचो, हे तेल तर नाही ना?

आता मी. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा कारखान्यात होते आणि उरलेला सगळा वेळ चळवळीत. आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते, गुलाबी आणि पिवळ्या पातळ कागदाचे. भीमजयंतीला बाबांच्या स्टॉलवर बसून मी अक्षरं जुळवायला शिकले ती 'जागे व्हा!' या मथळ्यावरून. स्वल्पविराम कळायच्या आधी मला उद्गारचिन्ह कळत होतं. त्याची मला लाज नाही. जगात जे चाललंय ते बघून ज्याला उद्गारचिन्ह सुचत नाही, त्याचं काहीतरी बिघडलंय असं मला आजही वाटतं. पण मी बाईंना पहिला निबंध दिला तेव्हा त्यांनी माझ्या सगळ्या उद्गारचिन्हांभोवती गोल केले आणि खाली लिहिलं, "एवढे खिळे ठोकलेस, म्हणजे फळी सैल आहे."

बदलापूरला उतरले. झेरॉक्सवाला दुकानातला चिखल ढकलून बाहेर काढत होता. मला बघून त्याने झाडू ठेवला. "ताई, फार वाईट झालं. चांगल्या होत्या हो बाई."

'होत्या.' तो शब्द मला लागला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळे बोलत होते रिक्षा स्टँडवर. मांजर्लीच्या रिक्षा लागतात ना, तिथे."

सगळे बोलत होते. म्हणजे बातमी एक पायरी वर चढली होती. 'म्हणे'वरून 'म्हणतात'वर. झेरॉक्सवाल्याने बाईंचा एक न नेलेला गठ्ठा माझ्या हातात दिला, वरती त्यांचं तिरकं अक्षर होतं. तरी मी रडले नाही, कारण मला आठ ग्लास पाणी आठवलं.

बाईंनी एकदा आम्हाला एक वाक्य दिलं होतं. माणसाने रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं. हे कुठून आलं ते शोधून काढा. मला वाटलं, सोपं आहे. शेकडो लेख होते. मी एक उघडला, त्याने दुसऱ्याचा दाखला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि तिसऱ्याने पहिल्याचा. अनेक शनिवार मी त्या वाक्याच्या मागे लागले होते. शेवटी तळाला एक जुनी शिफारस निघाली. तिच्यात पाण्याचं प्रमाण होतं, आणि लगेच पुढच्या ओळीत लिहिलं होतं की यातलं बरंचसं पाणी अन्नातून मिळतंच. पुढची ओळ कोणी वाचलीच नव्हती.

"नळ किती आहेत ते मोजू नकोस," बाई म्हणाल्या होत्या. "टाक्या किती आहेत ते बघ. इथे प्रत्येक घरात नळ वेगळा, पण पाणी सगळ्यांना बारवी धरणाचंच."

मी स्टँडवर गेले. चिखलात चाकं रुतलेल्या रिक्षांच्या रांगेत एकाने ओळखलं. "वो चिमटेवाली मॅडम? हां ताई, गयी बिचारी."

"तुम्ही स्वतः बघितलं?"

"मैंने नहीं देखा. बाजूवाली भाभी रो रही थी जोर जोर से. वोच बोली, मॅडम गयी." मग तो स्टेअरिंगवर हात ठेवून जरा हसला. "मी एकदा त्यांना बोललो, मॅडम इधर से जल्दी पडेगा. तर बोलल्या, किससे? मी बोललो, किससे मतलब? तर बोलल्या, जल्दी म्हणजे कशापेक्षा जल्दी, ते सांग आधी. दोन्ही रस्त्यांनी नेलं मी त्यांना, दोन दिवस. साला सारखाच वेळ लागला. अशी मॅडम पुन्हा नाय भेटणार."

बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनी ते एकाच बाईकडून ऐकलं होतं. नळ बरेच, टाकी एक. पण ती टाकी रडत होती. रडणारं माणूस कोणीतरी डोळ्यांनी बघितलेलं होतं. आता मला 'दिसतं'ची भीती वाटायला लागली.

रिक्षा मांजर्लीच्या वळणापर्यंतच गेली. पुढे चिखल होता. चप्पल हातात घेऊन मी चालत निघाले, आणि चालताना मला दुसरं काही नाही, बाईंचा उजवा हात आठवत होता.

आमच्या गल्लीतल्या बऱ्याच बायका घरी बसून जीन्सचे धागे कापतात. शिवून आलेल्या पँटींना सुटे धागे लोंबत असतात, ते कात्रीने साफ करायचे. कोऱ्या कापडाचा निळा रंग बोटांना लागतो. माझी आई हेच काम करते. तिचे हात फुटायला लागले. आधी बोटांच्या बेचक्यांत लाल झालं, मग कातडी सुटली, मग भेगांतून पाणी यायला लागलं. भाकरी थापताना ती तोंड भिंतीकडे करायची, म्हणजे आम्हाला तिचा चेहरा दिसू नये.

मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'निळं विष!' घरात ते वाचून दाखवलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मजकूर जोरात आहे. पण निळ्याला विष म्हणायचं नाही. निदान आपल्या घरात तरी नाही."

आई कात्री न थांबवता म्हणाली, "आन् शेठने माल दुसऱ्या गल्लीला दिला तर? मग काय तुझं पत्रक शिजवायचं?"

खरी भीती तीच होती. हात गेले तर काम जाणार, आणि हातांबद्दल बोललं तरी काम जाणार. मी शनिवारी ते पत्रक वर्गात वाचलं. वाटलं, निदान बाई तरी म्हणतील, छाप. बाईंनी एक निळा चिमटा पदराला लावला.

"धागे कापूनही ज्यांचे हात धड आहेत अशा कोणी आहेत का तुमच्या गल्लीत?"

"बाई, तुम्हाला माझ्या आईचे हात दाखवू का?"

"दाखव. पण शेजारणीचेही दाखव. कोणाला झालं, कशामुळे, कोणाच्या तुलनेत. तिसऱ्या प्रश्नाशिवाय पहिल्या दोन्हींचं उत्तर..."

"माझी आई तुमचा नमुना नाही!" मी ओरडले आणि उठून निघून आले. जिन्यात फरसाणवाला म्हणाला, "काय ताई, नापास?"

दुसऱ्या दिवशी बाई आमच्या गल्लीत हजर. पत्ता दादांकडून घेतला होता. आई दारात धागे कापत बसली होती. तिने वर बघितलं. "बाई, चिमटे राहिलेत तुमचे."

"राहिलेतच. त्यासाठीच आले. जय भीम. मला हे काम शिकवता का?"

आणि त्या खाली बसल्या. जमल्या तशा धागे कापत राहिल्या, बायका भोवती जमून हसत राहिल्या. "बाई, धागा कापा, पँट नको!" बाईंची बोटं निळी झाली तशी आईने कोपऱ्यातली एक बाटली पुढे केली. "हे लावा. झटक्यात निघतं."

बाईंनी बूच काढून वास घेतला, ब्लीचसारखा उग्र, आणि मान मागे घेतली. "काय आहे हे?"

"पांढरं पाणी."

"म्हणजे?"

"आता पांढरं पाणी म्हंजे पांढरं पाणी. शेठच देतो, धुलाईच्या कारखान्यातनं येतं. निळे हात कणकेला लागले की पोरं जेवत नाहीत, म्हणून लावतो."

"सगळ्या लावता?"

"ती कोपऱ्यावरची आजी नाय लावत. तिला वास सोसत नाय."

आजीला बोलावलं. तिने हात पुढे केले. मनगटापर्यंत निळे होते, आणि धड होते. एकही भेग नाही. मला ते बघून आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. "म्हणजे चूक आमच्या बायकांचीच?"

"चूक कोणाची ते अजून लांब आहे," बाई म्हणाल्या. "आणि एका आजीवरून मी शिडी चढत नाही. पण काय विचारायचं ते आज कळलं." जाताना त्यांनी ती बाटली आणि काही पँटी मागून घेतल्या. "सरावाला," असं म्हणाल्या.

मग आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. बाईंचा नियम असा होता की दादांनी फक्त हात बघायचे आणि मी फक्त बाटलीचं विचारायचं, आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. नाहीतर बाटलीचं नाव ऐकून दादांना भेगा जास्त दिसतील. बायकांनी दादांना फाडून खाल्लं. "दादा, हात बघताच आहात तर पोरीच्या लग्नाचं पण सांगा!" दादा लाल होऊन लिहीत राहायचे.

दुसरीकडे संगणकावर शोध. घरी धागे कापणाऱ्या बायकांच्या हातांवर मला काही म्हणजे काही सापडलं नाही. मी चिडून म्हणाले, "आपल्या बायकांवर कोणी लिहिलेलंच नाही. आपण कोणाच्या मोजणीतच नाही."

"तो राग ठेव, तो बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण न सापडणं म्हणजे नसणं नव्हे. तू धागे शोधतेयस, हात शोध. जगात आणखी कोणाचे हात दिवसभर असल्या पाण्यात जातात?"

मग सापडायला लागलं. साफसफाई करणाऱ्या बायका, कपडे धुणाऱ्या, भांडी घासणाऱ्या. कुठल्या कुठल्या देशांतले हात. आई ज्याला हात फुटणं म्हणते त्याला कोणी इसब म्हणत होतं, कोणी दाह, आणि इंग्रजीत आणखी चार नावं होती. बाईंनी मला वाचायला शिकवलं. सुरुवातीचा गोषवारा ही लग्नपत्रिका, तिच्यावरून संसार कळत नाही. आधी शेवटचं पान बघायचं, अभ्यासाला पैसे कोणी दिले. मग पद्धत, मग तक्ते, आणि लेखकाचं मत सगळ्यात शेवटी. ज्या अभ्यासांत तुलनेला कोणीच घेतलं नव्हतं, ते बाजूला. उरले ते थोडेच होते, पण बहुतेक एकाच दिशेला बोट दाखवत होते.

दादांची आणि माझी माहिती जुळवली त्या दिवशी बाई ऐकायला आमच्या घरी आल्या. बाटली लावणाऱ्यांत फुटलेले हात जास्त होते, फारच जास्त. आईने चहा आणला. बाईंनी कप डाव्या हाताने घेतला.

आईच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. "बाई, उजवा हात कुठाय?"

"आहे," बाई म्हणाल्या. स्वतःबद्दल त्यांनी सहज उच्चारलेला तो पहिलाच 'आहे' मी ऐकला, आणि मला संशय आला.

आईने सरळ त्यांचा पदर बाजूला केला. उजवा हात लाल होता, बेचक्या फुटलेल्या. डावा हात निळसर आणि धड. बाई घरी बसून रोज दोन्ही हातांनी त्या पँटींचे धागे कापत होत्या. मग उजव्या हाताला पांढरं पाणी, डाव्याला साबण आणि खोबरेल.

"एका बाईचे दोन हात हा पुरावा नाही," त्या मला घाईघाईने सांगायला लागल्या. "हे तू कुठे लिहायचं नाहीस. ही माझी नुसती खुमखुमी..."

"गप बसा," आई म्हणाली. बाईंना गप बसवणारं दुसरं माणूस मी बघितलेलं नाही. "एवढ्या शिकल्यासवरलेल्या, आन् अक्कल हाय का काही? पोरीने विचारलं तर मी सांगितलं नसतं का, किती दुखतं ते?"

"सांगितलं असतंत. पण मला..." बाई थांबल्या. "मला तुमचं दुखणं म्हणेच्या पायरीवर ठेवायचं नव्हतं."

आईला पायऱ्यांमधलं काही कळलं नसावं. तिने बाईंचा हात मांडीवर घेतला आणि खोबरेल चोळायला लागली, दोघींचे हात सारखेच फुटलेले. बाबा उठून बाहेर जाऊन उभे राहिले. मी माझ्या पत्रकावरचा मथळा खोडला.

नवा मथळा होता, 'बाटलीत काय आहे?' सगळ्या पत्रकात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. आम्ही काय विचारलं, कोणाला विचारलं, काय दिसलं, आणि आम्हाला काय माहीत नाही, तेसुद्धा लिहिलं. खाली मागणी होती, बाटलीवर आतल्या मालाचं नाव लिहा, आणि साबण व हातमोजे द्या. बायकांनी एका सकाळी आपापल्या बाटल्या नेऊन शेठच्या ओट्यावर ओळीने ठेवल्या. 'निळं विष' म्हटलं असतं तर शेठ म्हणाला असता, जीन्स अख्खं जग घालतं, ताई. या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आणि उत्तर न देता माल दुसऱ्या गल्लीला द्यायचा म्हटलं, तर पत्रक त्या गल्लीतही पोचलेलं होतं. काम चालू राहिलं. साबण आला. हातमोजे अजून आलेले नाहीत. त्याचं दुसरं पत्रक निघेल.

आईच्या हातांच्या भेगा भरून यायला लागल्या तेव्हा मी नाचतच बाईंकडे गेले होते. "बरे झाले, बाई!"

"बरे दिसतायत," त्यांनी दुरुस्त केलं. "पत्रकानंतर बाटली सुटली तसा साबणही आला, नळाला पाणीही जरा जास्त यायला लागलं. हात आपोआपही बरे होतात. एक पावसाळा, एक थंडी, एक लग्नसराई जाऊ दे. मग मला सांग." तो निळा चिमटा पदरालाच राहिला.

बाईंच्या घराशी पोचले तेव्हा भिंतीवर कमरेच्या वर चिखलाची रेघ होती. दाराला कुलूप. शेजारच्या वहिनी बाहेर गादी उभी करून तिच्यावर पाणी ओतत होत्या. मला बघून त्यांचे डोळे भरले.

"वहिनी, बाई..."

"गेल्या ना."

मी कठडा धरला. यापुढे विचारायला कोणी नव्हतं. तळ आला होता. आणि मग, का कोण जाणे, पुढची ओळ वाचायची राहिलीय असं मला वाटलं. 

"कुठे?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? नाशिकला. बहिणीचा मुलगा येऊन घेऊन गेला, पाणी उतरल्यावर."

"मग तुम्ही रडत का होतात? स्टँडवर सगळे सांगतायत, तुम्ही जोरजोरात रडत होतात."

"मग काय हसू? नवा फ्रीज गेला माझा!"

मी तिथेच, चिखलाच्या पायरीवर बसले आणि रडले. कॅम्प तीनपासून धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. वहिनी घाबरल्या. "अगं ताई, उगी, उगी. फ्रीजसाठी एवढं नको रडू."

त्यांच्याकडे बहिणीचा नंबर होता. तिकडे बराच वेळ रिंग वाजली आणि मग तो आवाज आला.

"बाई, तुम्ही गेलात," मी म्हणाले.

"म्हणे?"

"म्हणे. मग म्हणतात झालं. वहिनींचं रडणं धरलं तर दिसतंपर्यंत पोचलं होतं."

"टाक्या किती निघाल्या?"

"एक. तिचा फ्रीज गेला."

"हं." त्या खूश झाल्या होत्या, मला आवाजावरून कळलं. "माझा फोन पाण्यात गेला. कागद वरच्या फळीवर होते, ते सुके असावेत. बघून सांग. नुसतं दारातून बघून नको." मग जरा थांबून, "आईचे हात?"

पावसाळा गेला होता, थंडी गेली होती, लग्नसराई गेली होती, आणि पुन्हा पावसाळा आला होता. सकाळीच आई माझ्यासमोर भाकरी थापत होती, तोंड आमच्याकडे करून.

"बरे आहेत."

"दिसतात, की आहेत?"

"आहेत, बाई."

पलीकडून टक् असा बारीक आवाज आला. चिमटा निघाला असावा; मला तरी तसं ऐकू आलं.

"आणि मी?" बाईंनी विचारलं.

मी नाक पुसलं, आवाज नीट केला. या शब्दाचा त्यांना किती संशय होता ते मला माहीत होतं, पण मी त्याच्या उगमापर्यंत चिखलातून चालत आले होते.

"आहात," मी म्हणाले.